होडीचं नाक कुणीकडे?

मे महिन्यात मनू गावी आली. पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी सातला खाडीपलीकडच्या स्टँडवर येते. तिला घ्यायला मी आधीच तरीनं पलीकडे जाऊन बसलो होतो. पोर उतरली ती पाठीवर दप्तराएवढी पिशवी आणि डोळ्यांत अर्धी झोप घेऊन. धक्क्यावर तांडेलमामा होडी लावून तयारच होते.

ओहोटी ऐन भरात होती. पाणी समुद्राकडे असं ओढत होतं की धक्क्याच्या खांबांमागे भोवरे धरले होते. समोर, अगदी नाकासमोर, आमच्या बाजूच्या धक्क्याच्या पायऱ्या दिसत होत्या. मामांनी दोन वल्ही मारली आणि होडीचं नाक पायऱ्यांकडे न धरता वरच्या अंगाला, तिवरांच्या झाडीकडे वळवलं.

मनूची झोप उडाली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आबा, काका चुकतायत. आपलं घर तिकडे आहे ना?"

कुजबुज मामांनी ऐकलीच. वल्हं न थांबवता म्हणाले, "बाय, पानी कुठं चाललंय ता बघ आधी."

मग ती बघत बसली. नाक तिवरांकडे, तोंड तिवरांकडे, मामांची मेहनत सगळी तिवरांकडे, आणि होडी मात्र खेकड्यासारखी तिरकी सरकत सरळ आमच्या धक्क्याला. सहा मिनिटांनी शेवटच्या पायरीला अलगद टेकली. मनूनं मागे वळून तिवरांकडे पाहिलं, मग मामांकडे, मग माझ्याकडे. मी काही बोललो नाही. चाळीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवल्यावर एक गोष्ट कळली आहे, की मुलाच्या तोंडावर प्रश्न उमटला की लगेच उत्तर द्यायचं नाही. जरा मुरू द्यावा.

जेवणं झाली. ओटीवर पंख्याखाली आडवा होतो न होतो तोच ती आली. म्हणाली, "नववीच्या पुस्तकात आहे. चाल आणि वेग. मी आधीच वाचून ठेवलंय. एकक काळात कापलेलं अंतर म्हणजे चाल, आणि एकक काळात विशिष्ट दिशेनं कापलेलं अंतर म्हणजे वेग. पण एकाच गोष्टीला दोन नावं कशाला?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. नवा होता तो विचारण्याचा सूर. वर्गात मी ही व्याख्या फळ्यावर लिहायचो, मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत 'फरक स्पष्ट करा'ला दोन उभे रकाने आखून लिहायची, मी मार्क द्यायचो. कुणाला कितपत समजलं, देव जाणे. आता निवृत्त झाल्यावर एकच विद्यार्थिनी आहे, आणि घाई नाही.

खिशात खडू असतोच, सवय जात नाही. ओटीच्या शहाबादी फरशीवर मी खाडी काढली. दोन समांतर रेघा. अलीकडे आमचा धक्का, पलीकडे स्टँडचा.

"हे बघ. खाडी रुंद किती? साधारण चारशे मीटर. आता तुझा काका तुला आणायला स्कूटरवरून आला असता तर? स्कूटर काही पाण्यावरून येत नाही. पूल वरच्या अंगाला, म्हणजे तिथपर्यंत जा, पूल ओलांड, परत या काठानं खाली ये. बावीस किलोमीटर."

"मग?"

"स्कूटर ताशी तीस किलोमीटरनं आली असं धर. किती वेळ लागेल?"

बोटं मोडत तिनं हिशेब केला. "चव्वेचाळीस मिनिटं."

"आणि आपण सहा मिनिटांत आलो. मामांचं वल्हं पाण्यात ताशी पाच किलोमीटरच्या वर काही जात नाही. मग जास्त जलद कोण?"

"स्कूटर. सहापट."

"आणि आधी घरी कोण पोचलं?"

ती गप्प झाली. इथं मी पंखा बंद केला, कारण खडूची पूड उडत होती आणि गोष्टीत रंग भरत होता.

स्कूटर धावली बावीस किलोमीटर. पण निघाली कुठून आणि पोचली कुठं, हे नुसतं काठावर उभं राहून पाहिलं, तर सगळ्या धावपळीचं फळ किती? सरळ रेघेत चारशे मीटर. चाकांनी कापलं ते अंतर. एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतची सरळ सरक, दिशेसकट, ती विस्थापन. अंतराला वेळेनं भागलं की चाल येते, विस्थापनाला भागलं की वेग. स्कूटरची सरासरी चाल ताशी तीस किलोमीटर खरी, पण सरासरी वेग काढ. चव्वेचाळीस मिनिटांत चारशे मीटर. ताशी अर्ध्या किलोमीटरहून जेमतेम जास्त! रांगतं मूलही त्याहून पुढे जाईल. होडीचा? सहा मिनिटांत तेच चारशे मीटर, म्हणजे ताशी चार किलोमीटर. वेगाच्या शर्यतीत मामांच्या वल्ह्यानं पेट्रोलच्या स्कूटरला सातपटीनं मागे टाकलं.

"पण स्कूटरच्या काट्यावर तर तीस दिसणार!" मनू म्हणाली.

दिसणारच. त्या काट्याला आपण वेगमापक म्हणतो ते मुळातच चुकीचं आहे. काटा फक्त चाक किती भराभर फिरतंय ते सांगतो; गाडी घराकडे चालली आहे की घरापासून, हे त्याच्या गावीही नसतं. महामार्गावर 'वेगमर्यादा ८०' अशी पाटी लावतात, तिथंही खरं तर 'चाल' लिहायला हवं. पोलीस काही कोकणात जाणाऱ्याला ऐंशी आणि कोल्हापूरला जाणाऱ्याला सत्तर असं ठरवत नाही. मराठीत गोंधळ आणखी आहे, कारण चाल हा शब्द गाण्याला लागतो, बुद्धिबळाला लागतो, माणसाच्या वागण्याला लागतो, आणि धावण्याला मात्र आपण सर्रास वेगच म्हणतो. शास्त्राच्या पुस्तकानं हे दोन शब्द वेगळे करून घेतले, ते बरं केलं. पण कुणी 'वाऱ्याच्या वेगानं आला' म्हटलं तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नकोस, लोक शहाणपणाला कंटाळतात.

दर्यावर जाणारी माणसं मात्र हा फरक पुस्तकाशिवाय पाळतात. वारा किती, हा प्रश्न त्यांच्यात दुसरा. वारा कुठला, हा पहिला. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई, दिवसा समुद्रावरून येतो तो खारा. दोघांचा जोर सारखा असेल, पण एक होडी बाहेर नेतो आणि दुसरा घरी आणतो. मच्छीमारांसाठी हवामानाचा इशारा येतो त्यातही पुष्कळदा नुसता ताशी पन्नास किलोमीटर असा आकडा नसतो; नैर्ऋत्येकडून की वायव्येकडून, हे त्याला जोडूनच येतं. दिशेवाचून तो आकडा त्यांच्या काय कामाचा?

"बरं, पण तिवरांचं काय?" मनूनं मला जागेवर आणलं.

तिवरांकडे येतो. मामा पाण्यात ताशी पाचनं वल्हवतात. ओहोटीचं पाणी, समज, ताशी तीननं समुद्राकडे ओढतंय. मामांनी नाक सरळ आपल्या धक्क्यावर रोखलं असतं, तर खाडी पाचेक मिनिटांत पार झाली असती, सहाच्या आतच. पण तेवढ्या वेळात पाण्यानं आपल्याला जवळपास अडीचशे मीटर खाली नेलं असतं. उतरलो असतो ते पार मासळीच्या ओट्यांपाशी, आणि तिथून सामान डोक्यावर घेऊन उलटं चालत यायचं. म्हणून मामा काय करतात? नाक वर धरतात. त्यांच्या पाचातले तीन पाण्याशी भांडण्यात जातात, पाण्याचे तीन आणि हे तीन, दोन्ही फिटतात. आणि सरळ पलीकडे जायला उरतात किती?

"दोन," मनू ठामपणे म्हणाली.

"चार."

"पाचातून तीन गेले तर चार कसे उरतील, आबा?"

इथं मला खरं तर टाळी वाजवावीशी वाटली. कारण हीच ती जागा. नुसत्या चाली असत्या तर पाच वजा तीन दोन, वाण्याचा हिशेब. पण हे वेग आहेत, बाणासारखे, प्रत्येकाला तोंड आहे. बाण असे वजा होत नाहीत, ते जोडून काढावे लागतात. मी फरशीवर काटकोन त्रिकोण काढला. तिरकी बाजू पाच, होडीच्या नाकाची. काठाला समांतर बाजू तीन, पाण्याची. तिसरी, सरळ आपल्या धक्क्याकडे जाणारी?

"तीन, चार, पाच!" ती ओरडली. "पायथागोरस!"

ताशी चार किलोमीटर, चारशे मीटर, सहा मिनिटं. फरशीवरचा हिशेब आणि सकाळची होडी एकाच पायरीला येऊन टेकले. तांडेलमामा चौथीच्या पुढे शाळेत गेले नाहीत. हा त्रिकोण ते दिवसातून वीस वेळा काढतात आणि दर तासाला बदलतात, कारण पाण्याची ओढ दर तासाला बदलते.

रात्री वीज गेली. कंदील लावून अंगणात बसलो. भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग एक मेलेला पतंग ओढून नेत होती. मनू वाकून बघत होती, तेव्हा मला सहाराची मुंगी आठवली.

ऐक. आपल्या मुंग्या वासाच्या रेघेवरून चालतात, एकीमागे एक. पण उत्तर आफ्रिकेत, ट्युनिशियाच्या खारवट वाळवंटात एक लांब पायांची मुंगी असते, जेमतेम एक सेंटिमीटरची. तिथं दुपारी जमीन अशी तापते की वासाची रेघ टिकत नाही, आणि बाकीचे जीव बिळात दडून बसतात. ही नेमकी तेव्हाच बाहेर पडते. उन्हानं मेलेले किडे उचलायचे, हा तिचा धंदा. एकटीच जाते. जाताना तिची चाल बघशील तर वेड लागल्यासारखी: इकडे दहा पावलं, तिकडे वीस, गोल गिरकी, परत मागे. खुणेला झाड नाही, दगड नाही, सगळं सपाट पांढरं मीठ.

झूरिच विद्यापीठाचे रुडिगर वेनर नावाचे शास्त्रज्ञ दरवर्षी तिथं जाऊन या मुंग्यांच्या मागे मागे फिरले. एका मुंगीचा रस्ता त्यांनी नोंदवला, तो असा: बिळातून निघाली, एकोणीस मिनिटं भटकली, सुमारे पाचशे नव्वद मीटर वेडीवाकडी धावली. तेव्हा ती बिळापासून सरळ रेघेत होती शंभराहून जरा जास्त मीटरवर. तिथं किडा सापडला. आणि मग?

"आल्या वाटेनं परत," मनू म्हणाली.

नाही. किडा तोंडात धरला आणि सरळ बिळाच्या रोखानं सुटली. तोंड वळवलं, धाव घेतली, थेट घर. परतीला साडेसहा मिनिटं. त्या भटकंतीतलं प्रत्येक वळण आणि प्रत्येक तुकडा मोहरीएवढ्या डोक्यात मांडून तिनं बेरीज काढली होती, बाणांची बेरीज. अंतर पाचशे नव्वद, ते तिनं सोडून दिलं. ठेवलं ते विस्थापन: घर अमुक दिशेला, तमुक लांब.

"तिला कसं कळतं?"

हाच प्रश्न मोठ्या माणसांनाही पडला. आधी दिशा घे. १९११ साली, त्याच ट्युनिशियात राहणाऱ्या फेलिक्स सांची नावाच्या स्विस डॉक्टरनं एक साधा खेळ केला. घरी निघालेल्या मुंगीवर येणारं ऊन पुठ्ठ्यानं अडवलं आणि दुसऱ्या बाजूनं आरशातून सूर्य दाखवला. मुंगी गर्रकन उलट फिरली. म्हणजे सूर्य हे तिचं होकायंत्र. पुढे कळलं की सूर्य झाकला आणि निळ्या आभाळाचा नुसता तुकडा दिसला तरी तिला पुरतं, कारण आभाळाच्या उजेडात एक नक्षी असते, ध्रुवीकरणाची. आपल्याला ती दिसत नाही, तिच्या डोळ्याच्या वरच्या कडेला दिसते.

आता लांबी. मुंगी ती कशी मोजते, हे २००६ मध्ये जर्मन आणि स्विस शास्त्रज्ञांनी शोधलं, आणि त्यांची युक्ती ऐकून मला अजून हसू येतं. मुंग्यांना दहा मीटरवर खाऊ ठेवला. तिथं पोचल्यावर काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवले, जत्रेतला सोंगाड्या उंच लाकडी पाय बांधून चालतो ना, तसे. काहींचे पाय थोडे तोडून आखूड केले. (इथं मनूनं तोंड वाकडं केलं. मलाही ते आवडत नाही.) मग घरी जायला सोडलं. उंच पायांच्या मुंग्या बीळ मागे टाकून पंधरा मीटरपर्यंत गेल्या आणि मग घर शोधत गोल फिरू लागल्या. आखूड पायांच्या सहा मीटरच्या आतच थांबून घर शोधू लागल्या. पावलं तेवढीच, पण पाऊल लांब झालं की घर हुकतं. म्हणजे बाईसाहेब पावलं मोजतात! त्याच मुंग्या नव्या पायांनी बिळातून परत जाऊन आल्या तेव्हा अंतर बरोबर आलं, कारण जाताना आणि येताना पाऊल एकच होतं.

आणखी एक. घरी निघालेल्या मुंगीला उचलून दूर नेऊन ठेवलं, तर ती काय करते? उचलली गेली हे तिच्या हिशेबात नसतंच. ती त्याच दिशेला, तेवढीच लांब धावते आणि जिथं बीळ असायला हवं होतं नेमकी तिथं थांबून शोधू लागते. बाण जसाच्या तसा, फक्त बूड हललं.

मनूनं बराच वेळ भिंतीवरच्या मुंग्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग घरी पोचल्यावर तिचं विस्थापन?"

"शून्य. जिथून निघाली तिथंच."

"सातशे मीटर धावून सरासरी वेग शून्य?"

"तू आणि मीही. सगळी पृथ्वी दर सेकंदाला तीस किलोमीटर चालीनं सूर्याभोवती पळते. वर्षात चौऱ्याण्णव कोटी किलोमीटर. आणि वाढदिवसाला सूर्यापासून पाहिलं तर जवळपास त्याच जागी."

हे तिला फार आवडलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी आजीला ती दोनदा म्हणाली की वर्षभर धावून आपण कुठंच गेलो नाही. आजी म्हणाली, ते मला लग्नापासून माहीत आहे.

त्याच सकाळी माझ्या हातून एक घोटाळा झाला. गोलात फिरताना चाल तीच राहिली तरी वेग क्षणोक्षणी बदलतो, कारण दिशा बदलते, हे तिला दाखवायचं होतं. पडलेली एक हिरवी कैरी घेतली, सुंभाला घट्ट बांधली आणि खळ्यात उभा राहून डोक्यावर गरागरा फिरवू लागलो.

"सांग, आता सोडली तर कुठं जाईल?"

"तुमच्यापासून लांब, सरळ बाहेर. हात विहिरीकडे असताना सोडलीत तर विहिरीकडे."

सगळ्यांना तसंच वाटतं. हात बरोबर विहिरीच्या रोखाला आला तेव्हा मी सुंभ सोडला. कैरी विहिरीकडे गेली नाही. सुटण्याच्या क्षणी तिचं तोंड जिकडे होतं तिकडे, म्हणजे वर्तुळाला चाटून जाणाऱ्या रेघेत, विहिरीला काटकोनात, सुसाट गेली. त्या रेघेत सुपावर आजीची फणसाची साठं वाळत होती, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

साठांच्या मधोमध खड्डा पडला. आजी बाहेर आली. मी म्हणालो, "फार जोरात नव्हती गं."

"किती जोरात ते नको सांगू," ती म्हणाली, "कुणाकडून आली ते सांग."

मनू हसता हसता खाली बसली. नंतर सुपं मागच्या अंगणात हलवून आम्ही चंद्राचं बोललो. चंद्राला असंच पृथ्वीनं न दिसणाऱ्या सुंभानं धरलंय. सेकंदाला एक किलोमीटर चालीनं तो जात असतो, आणि ती ओढ दर क्षणी त्याचं तोंड जरासं आत वळवते. चाल फारशी बदलत नाही, तोंड सतत वळतं. सुंभ सुटला तर तोही कैरीसारखा सरळ निघून जाईल. साठं कुणाची बिघडतील, ते मात्र सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी मनू परत निघाली. पहाटेची गाडी, म्हणून अजून काळोख होता. तिनं आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं की भरती किती वाजता आहे. भरतीचं पाणी आत येतं, ओढ उलटी, म्हणजे नाक तिवरांकडे नव्हे, समुद्राच्या बाजूला धरायचं, असा तिचा हिशेब तयार होता. होडीत बसताच मामांना म्हणाली, "मामा, आज नाक त्या दिव्याकडे ना?" आणि दीपगृहाच्या बाजूला बोट दाखवलं.

मामांनी वल्हं पाण्यात घातलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं. खांबांमागे एकही भोवरा नव्हता. एक सुकं पान होडीशेजारी तरंगत होतं, जिथल्या तिथं.

"नाय बाय," मामा म्हणाले. "भरती भरली. पानी उभं हाय आता. सरळ घाल."

आणि दुसरं वल्हं त्यांनी तिच्या हातात दिलं.